स्पंजपट्टीची कस्टम ड्युटी

बाई, तुम्ही दिलेलं विणायचं मशीन पुन्हा चालू झालं. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात, कारण घरात बाकी कुणाला त्याचं धड कौतुक करता येत नाही. आमचे हे म्हणाले, "चला, दिवाणाखाली तेवढीच जागा झाली," आणि पेपरात डोकं घालून बसले. मुलाने फोनवर फोटो काढला, मित्रांना पाठवला आणि हिंजवडीच्या बससाठी धावला. राहिली सून. तिला मात्र आनंद झालाय, आणि तिचा आनंद बघून मला जो झालाय तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता लिहायला संकोच वाटत नाही. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला दोन ओळींची चिठ्ठी लिहायची तरी मला घाम फुटायचा. शुद्धलेखनाच्या खुणांसकट परत द्याल अशी भीती.

मंडईमागच्या त्या इमारतीतली तुमची पुढची खोली मला अजून अशीच्या अशी दिसते. खिडकीशी मशीन, भिंतीला लोकरीच्या लडी, आणि खालून येणारा मेथी-कोथिंबिरीचा वास. लोकर धुऊन वाळत घातली तरी तिला तो वास यायचाच. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच पुलगावहून हडपसरला आलेली. ह्यांची कारखान्यात पाळी, घरात दिवसभर मी एकटी. शेजारणीने सांगितलं म्हणून तुमच्या क्लासला नाव घातलं. पहिल्याच दिवशी बस चुकली. मी धापा टाकत दारात उभी, आणि तुम्ही मशीनवरून मान वर न करता विचारलंत, "हडपसरला अजून घड्याळं पोचली नाहीत वाटतं?" सगळ्याजणी हसल्या. पुढे तुम्ही विचारलंत, काय काय येतं तुम्हाला? मी म्हटलं, "बाई, दोन सुयांचं घरी शिकून राहिली ना मी." तुम्ही चष्मा खाली केलात. "शिकून राहिली असाल तर राहा. शिकत असाल तर आत या." त्या दिवशी परत जाताना मी बसमध्ये रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन तुमच्या जिन्यात बसले होते. तुमची खूण मला लवकरच कळली. रागावलात की तुम्ही अहो-जाहो करायचात, खूश असलात की अगं-तुगं. पहिले काही महिने मी नुसती 'अहो' होते.

आणि मग तो मुंबईचा दिवस आला. तुमचे भाऊ बोटीवर नोकरीला होते. त्यांनी जपानहून तुमच्यासाठी दुसरं मशीन बोटीने पाठवलं आणि ते मुंबईच्या गोदीत कस्टमकडे अडकलं. तेव्हा परदेशातून काही येणं म्हणजे घरात वाघ येण्यासारखं होतं. सगळे बघायला येणार, आणि सरकार आधी. तुमच्या यजमानांची तब्येत बरी नव्हती, म्हणून उचलाउचलीला तुम्ही मला घेतलंत. "ही वऱ्हाडातली आहे, हिच्या अंगात जोर आहे," असं क्लासमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात. पहाटेची एशियाड बस, दादरला उतरून टॅक्सी, आणि मग गोदीतली ती लांबलचक शेड. लाकडी खोकी, काथ्याचे दोर, खारट वारा. पांढऱ्या कपड्यांतले साहेब आपलं खोकं उघडून बघतायत. ते पुस्तक चाळतात आणि म्हणतात, "बाई, ही चैनीची वस्तू. चैनीच्या वस्तूचा दर पडेल." त्यांनी आकडा सांगितला. तेवढ्यात आणखी एक मशीन आलं असतं.

तुम्ही मात्र आवाज जराही चढवला नाहीत. "साहेब, चैन करायची असती तर मी महाबळेश्वरला गेले असते. गोदीत कशाला येईन?" साहेबांना हसू आलं, पण ते म्हणाले, पुस्तकात जे आहे ते आहे. तुम्ही म्हणालात, "पुस्तक तुमचं बरोबर असेल. पान चुकलंय. जरा टेबल मोकळं करता का?" आणि त्या माणसाने खरंच फायली बाजूला केल्या! आपण मशीन बाहेर काढलं, टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवलं. तुमच्या पिशवीत लोकर होतीच. तुम्ही देवळात जातानासुद्धा लोकर घेऊन जायचात. मला वाटलं आता तुम्ही चालवून दाखवणार. तुम्ही बाजूला झालात आणि मला म्हणालात, "बसा. चालवा." मग साहेबांकडे वळलात. "हिच्याकडे बघा. हिला मागच्या दिवाळीला मशीनची सुई ओळखता येत नव्हती. हे शिकली तर घरबसल्या चार पैसे मिळवील. याला चैन म्हणायचं की धंद्याचं हत्यार म्हणायचं, ते तुम्ही ठरवा."

बाई, मी बसले. पहिली ओळ मी घातली कशी मला माहीत नाही. पण एकदा दांडी सरकली, खर्र करून गेली, खर्र करून आली, आणि सुयांमधून विणकाम खाली उतरायला लागलं, तसे हात आपोआप चालायला लागले. भोवती हमाल जमले. एकजण म्हणाला, "अरे, हे तर मागासारखं आहे!" वीतभर पट्टा झाला तेव्हा साहेबांनी तो हातात घेऊन ताणून बघितला, पुन्हा पुस्तक उघडलं, बराच वेळ पानं उलटली आणि यंत्रांच्या भागात बोट ठेवलं. कर माफ नाही झाला. पण अर्ध्याहून खाली आला. तुम्ही तो तिथल्या तिथे भरलात, पावती नीट घडी करून पर्समध्ये ठेवलीत. परतताना खंडाळ्याच्या घाटात बस थांबली तेव्हा मी म्हटलं, अजून थोडी घासाघीस केली असती तर त्यांनी सोडलंही असतं. तुम्ही बटाटेवड्याचा तुकडा मोडत म्हणालात, "अगं, सरकारला द्यायचं ते द्यावंच. फक्त वस्तूचं खरं नाव लावून द्यावं." मला त्या वाक्याचा अर्थ नंतर कळला. तेव्हा फक्त 'अगं' ऐकू आलं होतं.

डोळे अधू झाल्यावर तुम्ही क्लास बंद केलात आणि तेच जपानी मशीन माझ्या घरी पाठवून दिलंत. रिक्षातून, एका शब्दाच्याही चिठ्ठीशिवाय. मी धावत विचारायला आले तर म्हणालात, "त्याला तुझ्या हाताची सवय झालीय, माझ्याकडे राहिना." त्या मशीनवर मी पाचगणीच्या शाळेचे स्वेटर विणले, शेजारपाजारच्या बाळांची टोपडी विणली, मुलाच्या इंजिनिअरिंगची फी काढली. मग बाजारात तयार स्वेटरचे ढीग आले, पाचगणीच्या शाळेनेही तेच घ्यायला सुरुवात केली, आणि एका उन्हाळ्यात मी मशीन पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणाखाली सरकवलं. रडले वगैरे नाही. पाठही दुखायला लागली होती.

या पावसाळ्यात सुनेची नोकरी गेली. कंपनीने माणसं कमी केली, त्यात तिचं नाव. मुलगी हुशार, स्वभावाने मोकळी. पण त्या दिवसापासून घरात एक चमत्कारिक शांतता आली. सकाळी उठून ती पूर्वीसारखीच आवरायची, केस विंचरायची, लॅपटॉप उघडून हॉलमध्ये बसायची. अर्ज पाठवत असायची म्हणे. पण मी आतून बघायची तर स्क्रीन विझलेली आणि ही खिडकीबाहेर बघतेय. मी चहा दिला की "थँक्यू आई" म्हणायची, जशी हॉटेलात म्हणतात तशी. मला धीर देता येत नाही, बाई. मी दिला की तो टोमण्यासारखा लागतो. तो तुमचा गुण माझ्यात उतरलाय. म्हणून मी नुसती भाजी जरा बरी करायची.

रंगाऱ्यांना बोलावलं होतं, म्हणून दिवाणाखालचं सगळं बाहेर काढलं. चादर सोडली तर ही म्हणाली, "आई, तुम्ही की-बोर्ड वाजवायचात?" मी इतकी हसले की मला ठसका लागला. मग तिला दाखवायला म्हणून मशीन जेवणाच्या टेबलाला लावलं. दांडी सरकवली तर सुया तिसरीकडेच, टाके पटापट गळाले, मध्येच सगळं अडकलं. झाकण काढून बघितलं तर सुयांना वरून दाबून धरणारी जी लांब लोखंडी पट्टी असते, तिच्यातला स्पंज कुजून चिकट काळा लगदा झालेला. स्पंज गेला की सुया वर उठतात, हे तुम्हीच शिकवलेलं. मी म्हटलं, जाऊ दे, ती कंपनी आता ही मशीनं बनवतच नाही. ती म्हणाली, "आई, एक मिनिट." एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा तिची बोटं भरभर चालताना मी बघितली. चहा उकळायच्या आत तिने ती पट्टी शोधून काढली. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावी एक आजीबाई फक्त जुन्या विणायच्या मशीनांचे भाग विकतात. ऑनलाइन. किंमत पौंडांत.

त्यानंतर आमच्या घरात पौंड हा पाहुणा येऊन राहिला. हे म्हणजे आयुष्यात फक्त कांद्याचा भाव विचारलेला माणूस, ते रोज सकाळी, "आज पौंड काय म्हणतोय?" सून मला समजावून सांगायची आणि मी भाकरी थापत ऐकायची. गुगलवर दिसतो तो पौंडाचा भाव आपल्याला कधीच मिळत नाही. बँक स्वतःचा भाव लावते, वर परदेशी चलनाचं म्हणून आणखी काही टक्के घेते. "म्हणजे मंडईतल्यासारखंच की," मी म्हटलं. "पाटीवर एक, पिशवीत दुसरा." पैसे भरायच्या पानावर तर चक्क विचारलं होतं, रुपयांत भरणार की पौंडांत? मला वाटलं रुपयांत बरं, आपलं आपल्याला कळेल. ती म्हणाली, "आई, तोच सापळा. रुपयांत म्हटलं की ते लोक स्वतःला हवा तो भाव धरतात. पौंडांतच भरायचं." आणि कस्टमचं तर निराळंच. त्यांचा पौंडाचा दर त्यांचा ते ठरवतात, ड्युटी लावतात ती नुसत्या पट्टीवर नाही तर टपालखर्चासकट, आणि मग त्या सगळ्या बेरजेवर जीएसटी. "करावर कर?" मी विचारलं. "करावर कर," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. तुम्हाला ते साहेब आठवले असते.

आजीबाईंचं मोठं गोड उत्तर आलं. मशीन कोणतं, झाकणाचा रंग कोणता, असं सगळं विचारून घेतलं त्यांनी. शेवटी लिहिलं होतं, पार्सलवर 'भेट' असं लिहू का, म्हणजे तुमच्याकडे कर कमी लागेल? सून म्हणाली, "लिहू दे ना आई. सगळे करतात." मी म्हटलं, "सगळ्यांना माझ्या बाई नव्हत्या शिकवायला." मग तिला गोदीची गोष्ट सांगितली. कणीक मळता मळता सुरू केली आणि संपली तेव्हा कणीक वाळली होती. तिने उत्तरात लिहिलं, भेट नाही, विकत घेतलेली वस्तू आहे, तसंच लिहा. आणि त्यांनी तसंच लिहिलं: स्पंज बार. तिथेच सगळा घोटाळा झाला.

दोनेक आठवड्यांनी एका दुपारी मला फोन. "मॅडम, तुमचं परदेशातून आलेलं पार्सल कस्टममध्ये थांबलंय, आधार कार्ड पाठवा." बाई, तुमच्या काळात हे नव्हतं. हल्ली असे फोन करून लोकांना लुटतात. पार्सलमध्ये भलतंसलतं सापडलंय म्हणून घाबरवतात आणि बँक रिकामी करतात. आमच्या सोसायटीतल्या एका प्राध्यापकांना चांगलाच चटका बसलाय. त्यामुळे मी तुमच्या आवाजात म्हटलं, "माझ्या पार्सलमध्ये स्पंज आहे, अफू नाही. आणि आधार हवा असेल तर स्वतःच्या आईचा घ्या." ठेवून दिला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सुनेने वेबसाइटवर जाऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो आई, तो खरा होता!"

मग कुरिअरच्या वेबसाइटवरचा नंबर बघून तिने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच बोला. तुम्हीच ठेवला होता." पलीकडे एक मुलगी. मी आधी माफी मागितली. ती म्हणाली, "चालते मॅडम, रोज शिव्या खातो आम्ही. आधारचं तर आहेच, पण दुसराच प्रॉब्लेम आहे. वर स्पंज बार लिहिलंय. ते खायची वस्तू आहे काय? केक वगैरे? खायचं असेल तर त्याला वेगळी परवानगी लागते."

"केक?" मी म्हटलं. "अगं, लोखंडाची पट्टी आहे. उभी धरली तर माझ्या कमरेला लागेल."

"मग स्पंज काऊन लिहिलं?"

शेजारी सून ओढणी तोंडात कोंबून हसतेय, ह्यांना काय चाललंय कळत नाहीये, आणि मी समजावतेय की विणायच्या मशीनला सुया असतात, त्या सुया वर उठू नयेत म्हणून. ती पोरगी म्हणाली, "थांबा मॅडम, मी लिहून राहिली ना." मी थांबले. केवढ्या वर्षांनी पुण्यात बसून कानावर ते पडलं! विचारलं, "तू कुठली गं?" तिने आवाज खाली केला, नोकरी जाते की काय असा. मग म्हणाली, "आर्वीची." मी म्हटलं, "मी पुलगावची." आणि मग बाई, आमचं कस्टम बाजूलाच राहिलं. ती वर्षभरापूर्वी आलीय, हॉस्टेलवर राहते, इथे सगळे तिच्या बोलण्याला हसतात म्हणाली. मी तिला म्हटलं, हसू देत, मलाही हसले होते, आणि ज्या हसल्या त्यांच्यापेक्षा मी चांगलं विणते. तिने सुचवलं, मशीनचा व्हिडिओ पाठवा, वर पाठवते. सुनेने फोन धरला, मी झाकण उघडून सुया दाखवल्या, कुजका स्पंज दाखवला, पट्टीची जागा दाखवली, आणि मराठीतच सांगितलं की ही खाण्याची वस्तू नाही, कुणाला खात्री करायची असेल तर दात जपून. सुनेने त्याखाली इंग्रजीत नीट, सभ्य भाषेत लिहिलं. चौथ्या दिवशी यंत्राचा भाग म्हणून पट्टी सुटली. ड्युटी, जीएसटी, कुरिअरवाल्यांची स्वतःची फी, सगळं मिळून पट्टीच्या किमतीशी बरोबरी करायला आलं होतं. ह्यांनी पावती वाचून नुसतं "अरे वा" म्हटलं. पुणेरी 'अरे वा'. तुम्हाला माहीत आहे.

पट्टी बसवायचं काम मी तिला करायला लावलं. जुनी सुईभर सुईभर मोकळी करून बाहेर ओढायची, नवी हळूच सरकवायची. ती जीभ दातात धरून करत होती. आणि मग दांडी पहिल्यांदा सरकली, बाई! सगळ्या सुया शिस्तीत खाली, रांगेत, एकही वर उठली नाही. खर्र. खर्र. ती ओरडलीच, "आई! आई, उतरतंय!" कॉलेजातल्या मुलीसारखी. स्वयंपाकघरातून ह्यांनी विचारलं, काय उतरलं, पौंड?

पहिला मफलर तिने विणला तो एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. मध्ये टाका सुटला तर वरून गाठ मारायला निघाली. मी म्हटलं, "अहो, उसवा." ती दचकली. मग तिने निमूट उसवला. दिवाळीनंतर तिला खराडीला नोकरी लागली, पहिल्यापेक्षा पगार जरा कमी, पण घरापासून जवळ. शनिवारी-रविवारी ती मशीनवर बसते आणि मी लोकर धरते. आर्वीच्या मुलीलाही एक टोपी विणून दिली, ती एका रविवारी जेवायला आली होती. झुणका करून ठेवला होता. तिने बोटं चाटून खाल्ला. दोघी पोरी बोलत बसल्या आणि मी मध्ये नव्हतेच.

हे पत्र टाकणार कुठे? तुमच्या इमारतीच्या जागी आता काचेची इमारत आहे, आणि तुम्हाला कुठल्या देशाचं तिकीट लावायचं ते पोस्टालाही सांगता येणार नाही. कपाटात राहील. म्हणूनच एक सांगून टाकते, घरात कुणाला सांगितलेलं नाही. पट्टी मागवली त्याच दिवशी सकाळी मी रविवार पेठेतल्या एका जुन्या मशीन-दुरुस्तीवाल्याला गुपचूप फोन केला होता. ते खो खो हसले. "अहो ताई, इंग्लंड कशाला? खिडकीच्या फटीला लावतात तो स्पंज घ्या, पट्टीतला जुना खरवडून काढा, नवा चिकटवा. आम्ही सगळे तेच करतो. वर्षानुवर्षं चालतं." मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला आणि हेच सांगायला हॉलमध्ये आले. सून जमिनीवर मांडी घालून बसली होती, केस वर बांधलेले, कानामागे पेन, समोर लॅपटॉप, कुठल्या कार्डावर किती जादा लागेल ते कागदावर मांडत होती. मला बघून चेहरा वर केला. कितीतरी दिवसांनी तो चेहरा मी बघत होते. "आई, झालं सगळं कळून. मागवू?"

मी म्हटलं, "मागव."